रुग्णालयाच्या दारात पडणारे प्रश्न

प्रस्तावना

दुखणे सांगून येत नाही. घरातील माणूस आजारी पडला म्हणजे घरच्यांचे मन आधीच धास्तावलेले असते. त्यातच रुग्णालयाचे अनोळखी आवार, लांबच लांब रांगा, औषधांचा वास आणि घाईघाईने ये-जा करणारी माणसे पाहून ते अधिकच गोंधळून जाते. कोणत्या खिडकीपुढे उभे राहावे, कोणाला काय विचारावे हे उमजत नाही. विचारले तर कोणी रागावेल, असेही भय वाटते. नोकरीधंद्यासाठी परप्रांतात राहणाऱ्याला तर भाषेचीही अडचण असते.

वास्तविक रुग्णालयातील बहुतेक नियमांमागे काही ना काही कारण असते. ते कारण ठाऊक असले म्हणजे भय ओसरते आणि वेळ वाचतो; आणि आजारात वेळ वाचणे म्हणजे पुष्कळदा प्राण वाचणेच होय. सर्वसामान्य माणसाच्या मनात रुग्णालयाविषयी नेहमी येणाऱ्या काही प्रश्नांचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण :
• सरकारी आरोग्यव्यवस्थेतील पायऱ्या सांगू शकाल;
• रुग्णालयातील नियमांमागची कारणे स्पष्ट करू शकाल;
• रुग्णाचे हक्क आणि त्याच्या जबाबदाऱ्या ओळखू शकाल;
• सूचनाफलकांवरील विध्यर्थी वाक्यरचनेचा योग्य वापर करू शकाल.

मूळ पाठ

१. प्रथम जावे कोठे?

साध्या तापासाठी शहरातील मोठे रुग्णालय गाठण्याची गरज नसते. भोर समितीने १९४६ साली सादर केलेल्या अहवालात आरोग्यसेवा पायरीपायरीने लोकांच्या जवळ न्यावी, असा विचार मांडला होता. त्यातूनच पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना रुजली. सपाट प्रदेशात साधारणपणे ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १,२०,००० लोकसंख्येमागे ३० खाटांचे एक सामुदायिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. डोंगराळ व आदिवासी भागांसाठी हे आकडे अनुक्रमे ३,०००, २०,००० आणि ८०,००० असे आहेत. महाराष्ट्रात सामुदायिक आरोग्य केंद्राला ग्रामीण रुग्णालय म्हणतात. त्याच्या वर उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय अशा पायऱ्या असतात. आज अनेक उपकेंद्रांवर आणि प्राथमिक केंद्रांवर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी दिसते.

लसीकरण, गर्भवतीची तपासणी, ताप, जुलाब, रक्तदाब यांसाठी जवळचे केंद्र पुरेसे असते. तेथे न होणाऱ्या उपचारासाठी डॉक्टर चिठ्ठी देऊन रुग्णाला वरच्या रुग्णालयात पाठवतात. ही चिठ्ठी जपून न्यावी. रुग्णाला काय झाले आहे आणि कोणते औषध आधीच दिले आहे, हे तीवरून पुढच्या डॉक्टरांना समजते.

२. केसपेपर कशासाठी?

ज्यांना दाखल होण्याची गरज नसते, अशा रुग्णांची तपासणी बाह्यरुग्ण विभागात, म्हणजेच ओपीडीत होते. तेथे प्रथम केसपेपर काढावा लागतो. हा कागद म्हणजे नुसती पावती नव्हे. रुग्णाचे नाव, वय, तक्रार, तपासण्या आणि औषधे यांची नोंद त्यावर होते. मोठ्या रुग्णालयांत एकेका विभागात डॉक्टरांची वेगवेगळी पथके असतात व प्रत्येक पथकाचे वार ठरलेले असतात. सोमवारी तपासलेल्या रुग्णाला पुन्हा सोमवारीच बोलावतात, ते आधीच्या डॉक्टरांचीच भेट व्हावी म्हणून. म्हणून जुना केसपेपर न टाकता दरवेळी सोबत न्यावा.

३. मागून आलेल्याला आधी का घेतात?

बाह्यरुग्ण विभागात क्रमांकाप्रमाणे बोलावतात. अपघात विभागात मात्र आधी कोण आले यापेक्षा कोणाच्या जिवाला अधिक धोका आहे, हे पाहिले जाते. रुग्ण येताच त्याचा श्वास, नाडी, रक्तदाब आणि शुद्ध यांची तपासणी करून वर्गवारी करण्यात येते. अनेक रुग्णालयांत त्यासाठी लाल, पिवळा आणि हिरवा असे रंग वापरतात. लाल म्हणजे तत्काळ उपचार, पिवळा म्हणजे थोड्याच वेळात आणि हिरवा म्हणजे थांबले तरी चालेल असा रुग्ण.

हात मोडल्यामुळे मोठ्याने कण्हणारा माणूस बाकावर बसून राहतो आणि मागून आलेल्या, गप्प पडलेल्या वृद्धेला लगेच आत नेतात. हे पाहून नातेवाइकांना राग येतो. परंतु कण्हणाऱ्याचा श्वास नीट चालू असतो; गप्प पडलेल्या रुग्णाची कदाचित शुद्धच हरपत असते. छातीत दाब येणे, धाप लागणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, न थांबणारा रक्तस्राव, सर्पदंश अशी लक्षणे असतील तर रांगेत उभे न राहता तत्काळ परिचारिकेला सांगावे. लक्षण किती वाजता सुरू झाले, हेही सांगावे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला असल्यास ती विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. 'सकाळपासून' असे मोघम सांगण्यापेक्षा 'सात वाजता चहा घेताना कप हातातून पडला' असे नेमके सांगणे डॉक्टरांच्या अधिक उपयोगी पडते.

४. पैसे नसतील किंवा पोलीस आले नसतील, तर उपचार नाकारता येतो का?

या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दोन महत्त्वाच्या निकालांत दिले आहे.

एका स्कूटरस्वाराला मोटारीची धडक बसली. त्याला जवळच्या रुग्णालयात नेले असता, पोलीस प्रकरणे हाताळण्याचा अधिकार आम्हाला नाही, असे सांगून त्याला सुमारे वीस किलोमीटर दूरच्या दुसऱ्या रुग्णालयात नेण्यास सांगण्यात आले. तेथे पोहोचण्यापूर्वीच त्याचा मृत्यू झाला. या घटनेच्या वृत्तपत्रातील बातमीवरून दाखल झालेल्या याचिकेवर १९८९ साली निकाल लागला. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने जखमीचे प्राण वाचवण्यासाठी तत्काळ उपचार केले पाहिजेत. कायदेशीर सोपस्कार त्यानंतर, असे न्यायालयाने बजावले.

दुसरी घटना पश्चिम बंगालमधील आहे. ८ जुलै १९९२ च्या संध्याकाळी एक शेतमजूर मथुरापूर स्थानकावर रेल्वेगाडीतून पडला. त्याच्या डोक्याला गंभीर मार लागून मेंदूत रक्तस्राव झाला होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात उपचाराची सोय नव्हती, म्हणून त्याला पुढे पाठवण्यात आले. त्या रात्री कलकत्त्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांत त्याला नेण्यात आले. कोठे खाट रिकामी नव्हती, तर कोठे आवश्यक ती सोय नव्हती. अखेर दुसऱ्या दिवशी सकाळी एका खासगी रुग्णालयात त्याला दाखल करून घेतले गेले. त्याचे प्राण वाचले. पण उपचाराला सुमारे १७,००० रुपये लागले. मजुरीवर जगणाऱ्या माणसाला ही रक्कम डोंगराएवढी होती.

त्याने आणि त्याच्या शेतमजूर संघटनेने न्यायालयात दाद मागितली. ६ मे १९९६ रोजी निकाल लागला. राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला जीविताचा हक्क दिला आहे. सरकारी रुग्णालयाने गरजू रुग्णाला वेळेवर उपचार न देणे हा त्या हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पैशांची चणचण हे सबब म्हणून सांगता येणार नाही, असेही म्हटले. शेतमजुराला २५,००० रुपयांची भरपाई देण्यात आली. कोठे खाट रिकामी आहे हे आधीच समजावे व रुग्णाला थेट तेथेच नेता यावे, यासाठी रुग्णालये एकमेकांशी जोडलेली असावीत, असेही निकालात सुचवले आहे.

अपघातग्रस्ताला रुग्णालयात आणणाऱ्यांनाही आता संरक्षण आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, सद्भावनेने मदत करणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी टाकली जात नाही आणि त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. 'उगीच लफड्यात कशाला पडा' असे म्हणून जखमीला रस्त्यावर सोडून जाण्याचे आता कारण उरलेले नाही.

पाठगत प्रश्न – १
रिकाम्या जागा भरा.
(अ) सपाट प्रदेशात सुमारे ______ लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे.
(आ) अपघात विभागातील वर्गवारीत ______ रंग तत्काळ उपचार सुचवतो.
(इ) राज्यघटनेच्या ______ व्या अनुच्छेदाने जीविताचा हक्क दिला आहे.

५. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी का ठेवतात?

भूल दिल्यावर घशाचे नैसर्गिक संरक्षण शिथिल होते. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुप्फुसात शिरण्याचा धोका असतो. म्हणून ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी निदान सहा तास काही खाऊ देत नाहीत. पाण्याविषयीची वेळ भूलतज्ज्ञ सांगतात. 'पोर कळवळते आहे, दोन बिस्किटे दिली तर काय बिघडले?' असे म्हणणाऱ्या आजीच्या मायेत खोट नसते. पण ती दोन बिस्किटे बालकाच्या जिवावर बेतू शकतात. चुकून काही खाल्ले असल्यास ते लपवू नये. शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते. गेलेला जीव परत आणता येत नाही.

६. संमतिपत्रावर सही का घेतात?

सही म्हणजे रुग्णालयाने हात झटकणे, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. आपल्या शरीरावर काय होणार हे ठरवण्याचा हक्क रुग्णाचा आहे आणि संमतिपत्र ही त्या हक्काचीच खूण आहे. कोणता उपचार करणार, त्याचा लाभ व धोका काय, दुसरा पर्याय आहे का आणि उपचार न केल्यास काय होईल, हे समजेल अशा भाषेत ऐकल्यावरच सही करावी.

दिल्लीतील एका महिलेने केवळ तपासणीपुरती संमती दिली होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व बीजांडकोश काढण्यात आले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. रुग्ण सज्ञान आहे आणि तिच्या जिवाला तत्काळ धोका नाही, अशा वेळी तिच्याऐवजी दुसऱ्याने दिलेली संमती पुरेशी ठरत नाही, असा निर्णय न्यायालयाने २००८ साली दिला. आई, पती वा मुलगा कितीही जवळचा असला, तरी शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाचा निर्णय हा त्याचाच असतो.

७. भेटीच्या वेळा इतक्या कडक का?

घरचे माणूस दवाखान्यात आहे म्हटल्यावर सोयरेधायरे धावून येतात. हा आपल्याकडील जिव्हाळा आहे. परंतु खाटेभोवती दहा माणसे जमली की रुग्णाला विश्रांती मिळत नाही आणि हातांवरून, कपड्यांवरून रोगजंतूंचा प्रसार होतो. व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात १८४७ साली डॉ. सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्यास लावले. एप्रिलमध्ये सुमारे १८ टक्के असलेला बाळंतिणींचा मृत्युदर जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आला. रोगजंतूंचे ज्ञान होण्यापूर्वीचा हा अनुभव आहे. म्हणून रुग्णाजवळ एकाच माणसाने थांबावे, इतरांनी आळीपाळीने यावे आणि खाटेजवळ जाण्यापूर्वी व परतताना हात धुवावेत.

प्रश्न विचारण्यासाठी डॉक्टरांच्या फेरीची वेळ चांगली. प्रश्न आधीच कागदावर लिहून ठेवावेत आणि एकाच नातेवाइकाने विचारावेत. औषधे व सलाईन यांविषयी पाळीवरील परिचारिकेलाही विचारता येते.

८. खर्च आणि कागदपत्रे

दाखल होतानाच अपेक्षित खर्च विचारावा. २०१८ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता या योजनेत घेण्यात आले आहे. मात्र रुग्णालय योजनेत समाविष्ट आहे का, हे आधी पाहावे लागते. योजनेतील रुग्णालयांत त्यासाठी मदत कक्ष असतो. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. विचारल्याशिवाय ही माहिती मिळेलच असे नाही. म्हणून विचारावे.

रुग्णाच्या उपचारांच्या नोंदी मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात, की दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवाव्यात आणि मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत द्याव्यात. घरी जाताना मिळणारे डिस्चार्ज कार्ड नीट समजून घ्यावे. कोणती गोळी किती दिवस घ्यायची, टाके कधी काढायचे, कोणते लक्षण दिसल्यास लगेच परत यायचे, हे तीन प्रश्न तरी अवश्य विचारावेत.

९. रुग्णाची जबाबदारी

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. माहिती मिळणे, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे, गुप्तता राखली जाणे, बिलाच्या वादावरून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून न ठेवणे, असे हक्क तीत नोंदवले आहेत. त्याच सनदेत रुग्णाच्या जबाबदाऱ्याही सांगितल्या आहेत. आजाराची खरी माहिती द्यावी, सांगितलेले उपचार पाळावेत, डॉक्टर व कर्मचाऱ्यांशी सन्मानाने वागावे आणि हिंसेचा आश्रय कधीही घेऊ नये. एका पाळीत अनेक रुग्ण सांभाळणारी परिचारिका हीही माणूसच असते. तक्रार असेल तर ती वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी द्यावी. उगारलेल्या हाताने कोणाचाही रुग्ण बरा झालेला नाही. उलट, त्या गोंधळात शेजारच्या खाटेवरील रुग्णाचा उपचार खोळंबतो.

रुग्णालय लोकांसाठी आहे. तेथे नम्रपणे, पण न भिता विचारलेला प्रश्न हा उद्धटपणा नव्हे. तो उपचाराचाच एक भाग आहे.

पाठगत प्रश्न – २
चूक की बरोबर ते लिहा.
(अ) सज्ञान व शुद्धीवर असलेल्या रुग्णाऐवजी नातेवाइकाची संमती नेहमीच पुरेशी असते.
(आ) शस्त्रक्रियेपूर्वी चुकून खाल्ले असल्यास ते डॉक्टरांना सांगावे.
(इ) रुग्णाला आपल्या उपचारांच्या नोंदी मागता येतात.

शब्दार्थ

धास्तावणे – भिऊन जाणे
मोघम – नेमके नसलेले
सोपस्कार – पार पाडावयाच्या औपचारिक गोष्टी
सबब – निमित्त, कारण
सद्भावना – चांगला हेतू
सज्ञान – कायद्याने वयात आलेला
सोयरेधायरे – नातेवाईक
सनद – हक्कांचा अधिकृत लेख

भाषाभ्यास : विध्यर्थ

पुढील वाक्ये पाहा.
(१) हात धू. (आज्ञार्थ)
(२) प्रत्येकाने हात धुवावेत. (विध्यर्थ)

पहिल्या वाक्यात समोरच्या व्यक्तीला थेट आज्ञा आहे. दुसऱ्या वाक्यातून कर्तव्य किंवा अपेक्षा व्यक्त होते. क्रियापदाला -आवा, -आवी, -आवे असे प्रत्यय लागले म्हणजे विध्यर्थी रूप तयार होते. सूचनाफलकावर सर्वांना उद्देशून सौजन्याने सांगायचे असते, म्हणून तेथे हीच रचना शोभते. उदा. 'पादत्राणे बाहेर काढावीत.' 'शांतता राखावी.'

आपण काय शिकलात

• आरोग्यसेवेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आजारानुसार योग्य पायरी निवडावी.
• अपघात विभागात धोक्याच्या तीव्रतेनुसार क्रम ठरतो.
• तातडीचा उपचार मिळणे हा जीविताच्या हक्काचा भाग आहे.
• माहिती घेऊन संमती देणे हा रुग्णाचा हक्क आहे. खरी माहिती देणे ही त्याची जबाबदारी आहे.

पाठान्त प्रश्न

१. 'मागून आलेल्या रुग्णाला आधी घेणे हा नेहमीच अन्याय नसतो.' हे विधान उदाहरणासह स्पष्ट करा.
२. १९९६ च्या निकालातील शेतमजुराची हकिगत सांगून त्या निकालाचे महत्त्व लिहा.
३. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी कोणते प्रश्न विचाराल?
४. आपल्या जवळच्या आरोग्य केंद्राला भेट द्या. तेथील वेळा व सोयी यांची माहिती दहा ओळींत लिहा.
५. पुढील वाक्ये विध्यर्थात लिहा : (अ) रांगेत उभा राहा. (आ) जुना केसपेपर आण.

उत्तरे

पाठगत प्रश्न – १ : (अ) ३०,००० (आ) लाल (इ) २१
पाठगत प्रश्न – २ : (अ) चूक (आ) बरोबर (इ) बरोबर
पाठान्त प्रश्न – ५ : (अ) रांगेत उभे राहावे. (आ) जुना केसपेपर आणावा.